यवतमाळची फवारणी आणि बाझेलचं न्यायालय

वर्धा नदीच्या अलीकडे देवळी-पुलगावचा पट्टा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. कपाशी दोन्हीकडे तीच, बोंडअळी तीच, पाठीवरचा पंपही तोच. २०१७ च्या हंगामात पलीकडे फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं दगावली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या कुटुंबांना मदत जाहीर केली. त्यानंतर जे घडलं त्याची चर्चा आपल्याकडे फार कमी झाली. सप्टेंबर २०२० मध्ये दोन मृत शेतकऱ्यांच्या पत्नी आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी सिंजेंटा कंपनीविरुद्ध तिच्या मुख्यालयाच्या गावी, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये, भरपाईची मागणी दाखल केली. डायफेन्थियुरॉन हे रसायन असलेलं ‘पोलो’ हे कीटकनाशक या वादाच्या केंद्रस्थानी आहे. कंपनीने आरोप फेटाळले आहेत.

या प्रकरणातली तारीख मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सदोष उत्पादनाबद्दल भरपाई मागायला स्विस कायदा तीन वर्षांची मुदत देतो, आणि ती संपता संपता हा अर्ज दाखल झाला. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही, तरी त्याचा हा कायदा संघाच्या १९८५ च्या निर्देशाच्या धर्तीवरच बेतलेला आहे. शिवाय तिथे नुकसान झालेल्या माणसाला निवड करता येते: उत्पादक जिथला, तिथला कायदा लावा, किंवा वस्तू जिथे घेतली, तिथला.

आता समजा, कंपनी बाझेलची नसून जर्मनीतल्या एखाद्या शहराची असती. दावा तिथेही दाखल झाला असता, कारण प्रतिवादीला त्याच्या राहत्या देशात न्यायालयात खेचता येतं हा संघाचा मूळ नियम आहे. पण न्यायाधीशांनी कायदा कुठला लावला असता? इथे ‘रोम दोन’ नावाने ओळखला जाणारा २००७ चा विनियम येतो. वस्तू पीडिताच्या देशात विकली जात असेल तर साधारणपणे त्याच देशाचा कायदा लागतो. म्हणजे जर्मन न्यायाधीशांसमोर भारतीय कायदा! आणि मृत्यूबद्दल नातेवाइकांनी भरपाई मागण्याचा आपला कायदा १८५५ चा. त्याखालच्या दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. बाझेलमध्ये वेळेत पोहोचलेल्या त्याच दोन स्त्रियांना मृत्यूबद्दलच्या अशा दाव्यासाठी तिथे उशीर झाला असता.

हे नुसतं कल्पनेतलं उदाहरण नाही. २०१२ मध्ये कराचीतल्या एका कापड कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले. तिथे ‘किक’ या जर्मन कंपनीसाठी कपडे शिवले जात. पीडितांच्या बाजूने चौघांनी डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावा लावला. जानेवारी २०१९ मध्ये तो फेटाळला गेला, कारण न्यायालयाने पाकिस्तानी कायदा लावला आणि त्या कायद्यानुसार मुदत उलटून गेली होती. कंपनीची जबाबदारी होती की नव्हती, या प्रश्नापर्यंत निकाल पोहोचलाच नाही.

युरोपीय कायदा शिकवणारा प्राध्यापक आपल्याकडे का हवा, याचं उत्तर मला इथे दिसतं. युरोपातल्या विद्यापीठांत ही जागा नेहमीची आहे. तिथला शिक्षक लक्झेंबर्गच्या न्यायालयाचे १९६३ आणि १९६४ चे दोन पायाभूत निकाल शिकवतो: संघाचा कायदा नागरिकाला थेट हक्क देऊ शकतो, आणि तो सदस्य देशाच्या कायद्यावर मात करतो. हे इथेही शिकवावं लागेल. पण वर्धा जिल्ह्यातली महाविद्यालयं ज्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत तिथे, किंवा २०१६ पासून नागपुरात सुरू असलेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात असा अभ्यासक्रम आखायचा झाला, तर मी सुरुवात ‘रोम दोन’पासून करीन. इथल्या संशोधकाने भारतीय मुदत कायदा आणि युरोपीय विनियम शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. बर्लिनमधल्या प्राध्यापकाला विदर्भातला दावा कुठे अडकेल हे सहजी कळणार नाही. इथल्याला ते कळू शकतं.

पैशाची सोयही अशक्य नाही. युरोपीय संघ १९८९ पासून ‘ज्याँ मोने’ योजना चालवतो. तिच्यातून एखाद्या प्राध्यापकाला तीन वर्षांसाठी अध्यासन मिळतं, वर्षाला किमान नव्वद तास शिकवण्याची अट असते, आणि संघाबाहेरची विद्यापीठंही त्यासाठी अर्ज करू शकतात.

कीटकनाशकांचा प्रश्न दावे आणि भरपाईपाशी थांबत नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. ती युरोपात विकायची तर संघाचा २००५ चा विनियम समोर येतो. एखाद्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग एवढाच अंश चालतो. इतक्या बारीक आकड्यावर आख्खा माल परत येऊ शकतो, आणि तो आकडा बदलायचा निर्णय कुठे, कोणत्या टप्प्यावर, कोणाचं म्हणणं ऐकून होतो हे शेतकरी कंपनीला सांगणारा माणूस जवळपास असायला हवा.

मुदतींचं चित्रही बदलतं आहे. १९८५ च्या निर्देशाची जागा घेणारा उत्पादन-जबाबदारीचा नवा निर्देश २०२४ मध्ये मंजूर झाला, आणि सदस्य देशांनी तो ९ डिसेंबर २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात आणायचा आहे. जुन्या व्यवस्थेत वस्तू बाजारात आल्यापासून दहा वर्षांनी उत्पादकाची जबाबदारी संपत असे. शरीरात उशिरा उमटणाऱ्या इजांसाठी नव्या निर्देशाने ही मर्यादा पंचवीस वर्षं केली. आपल्या फवारणी करणाऱ्या माणसाला तिचा किती उपयोग होईल, हे पुन्हा कायदा कोणत्या देशाचा लागतो यावरच ठरेल. हाच त्या प्राध्यापकाचा पहिला संशोधन-विषय व्हावा.

तोवर एक काम तर लगेच सुरू करता येईल. विधी महाविद्यालयांत कायदेविषयक मदत केंद्रं असतात. तिथल्या विद्यार्थ्यांनी दर हंगामात गावोगाव जाऊन सांगावं: विषबाधा झाली तर औषधाची बाटली फेकू नका, लेबलवरचा बॅच क्रमांक दिसेल असा फोटो काढा, कृषी केंद्राचं बिल जपा, दवाखान्याच्या कागदांवर औषधाचं नाव लिहून घ्या. कायदा जर्मन लागो वा भारतीय, माणूस नेमक्या कोणत्या बाटलीतल्या औषधाने आजारी पडला हे पहिल्या सुनावणीपासून विचारलं जातं.