पवनीचा पंचनेकायिक आणि क्रोधनिवारणाचा विचार

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी येथे 1969-70 साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. त्यात बौद्ध स्तूपांचे अवशेष व दानविषयक ब्राह्मी लेख उपलब्ध झाले. एका लेखात ‘पंचनेकायिक’, म्हणजे पाच निकाय जाणणारा, असे विशेषण आढळते. हे निकाय आजच्या पाली निकायांशी अक्षरशः जुळत होते असे म्हणता येणार नाही; परंतु सुत्ते मुखोद्गत ठेवणाऱ्यांची परंपरा या भागास परिचित होती, एवढे अनुमान त्यावरून निघते. इतरांच्या वागण्याने चित्त क्षुब्ध झाले असता काय करावे, हा प्रश्न पाली सुत्तांत वारंवार येतो.

मज्झिमनिकायातील ककचूपमसुत्तात वेदेहिकेची कथा आहे. श्रावस्तीची ही गृहिणी शांत म्हणून विख्यात होती. तिची दासी काली कामात चोख. मालकिणीच्या ठायी क्रोध मुळातच नाही, की आपल्या चोख कामामुळे तो प्रकट होत नाही, अशी शंका कालीस आली. परीक्षेसाठी ती लागोपाठ तीन दिवस उशिरा उठली. वेदेहिका आधी रुष्ट झाली, मग कठोर बोलली, आणि तिसऱ्या दिवशी तिने दाराची खीळ कालीच्या डोक्यात घातली. अप्रिय शब्द कानी पडत नाहीत तोवर भिक्षूही शांतच दिसतो, असा बुद्धाचा अभिप्राय आहे. कथेत खंत आहे ती मालकिणीच्या गेलेल्या लौकिकाची. रक्त मात्र दासीचे सांडले, हे आजच्या वाचकाने विसरू नये.

कारण येथेच खरी अडचण आहे. 1956 च्या धर्मांतरानंतर भंडारा जिल्ह्यात मोठा बौद्ध समाज उभा राहिला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसला त्यांनाच पुन्हा सहनशीलता सांगावयाची काय? ककचूपमसुत्ताचा रोख चित्तातील द्वेषावर आहे. अन्यायास अन्याय म्हणू नये, असे ते कोठे सांगत नाही. हा भेद न केल्यास क्षमा ही केवळ दुर्बलांवर लादलेली शिस्त ठरते.

अंगुत्तरनिकायात सारिपुत्त अधिक व्यवहार्य मार्ग दाखवितो. पालीत ‘आघात’ म्हणजे प्रहार नव्हे, तर मनात धरलेली अढी. ज्याचे वर्तन वाईट पण बोलणे चांगले, त्याच्याकडे रस्त्यात पडलेल्या चिंधीप्रमाणे पाहावे: पायाने ती पसरावी, धड भाग फाडून घ्यावा, उरलेला टाकावा. ज्याचे वर्तन व वाणी दोन्ही वाईट, पण चित्त अधूनमधून प्रसन्न होते, त्याच्याविषयीचा दृष्टान्त तर पावसाळ्यातील कोणत्याही पांदीत पाहावयास मिळेल. गाईच्या खुराच्या ठशात थोडे पाणी साचले आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या वाटसरूने ओंजळ किंवा भांडे बुडविले तर ते गढूळ होईल. म्हणून तो गुडघे व हात टेकतो, गाईसारखा वाकतो आणि पाणी न ढवळता पिऊन पुढे जातो.