ना काठाला, ना तळाला: उन्हाळ्यातल्या बॅसबद्दलचे समज

उन्हं तापली की बॅस मासा तळाशी जाऊन बसतो, अशी समजूत अमेरिकेतल्या जलाशयांवर गरवायला येणाऱ्या नवख्या माणसाच्या मनात पक्की असते. तो बोट काठापासून लांब नेतो, गळाला शिसं बांधून दोरी थेट तळापर्यंत सोडतो आणि दुपारभर काही लागलं नाही की ‘उन्हात मासा खातच नाही’ असं म्हणत परततो. मासा मात्र बरेचदा त्याच्या बोटीखालीच असतो. पाणी 25 मीटर खोल, आणि मासा सहा-सात मीटरवर, मधेच अधांतरी.

याचं पहिलं कारण पाण्याच्या थरांत सापडतं. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून ते जितकं तापेल तितकं हलकं होतं. उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहतं. वारा वरचा थर ढवळतो, पण दोन्ही थर एकजीव करण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. मधे एक पट्टा तयार होतो, तिथे तापमान झपाट्याने उतरतं. विस्कॉन्सिनच्या तळ्यांचे अभ्यासक एडवर्ड बर्ज यांनी 1897 मध्ये या पट्ट्याला ‘थर्मोक्लाइन’ म्हटलं. मीटरमागे निदान एक अंशाची घसरण हा त्याचा जुना निकष. पुढे बर्ज आणि चान्सी जुडे यांनी तिथल्या अनेक तळ्यांत विरघळलेले वायू मोजले आणि 1911 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाळात कुजणारा पाला आणि मेलेलं शेवाळ खालच्या थरातला प्राणवायू संपवत जातं, आणि वरून नवा प्राणवायू तिथवर पोहोचत नाही. म्हणून भर उन्हाळ्यात अनेक जलाशयांचा तळ गारेगार असतो, पण तिथे श्वास घेण्याजोगं काही उरलेलं नसतं.

शिवाय बॅस गारव्याच्या शोधात खोल जातो, हेच मुळात अर्धवट खरं आहे. लार्जमाउथ बॅस हा ऊबदार पाण्यातला मासा. 27 अंशांच्या आसपासचं पाणी त्याला चांगलं मानवतं. त्याच्या विक्रमांच्या तारखा पाहा. जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी 22 पौंड 4 औंसांचा बॅस पकडला तो 2 जून 1932 रोजी. त्याची बरोबरी करणारा, 10.12 किलोचा बॅस जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांच्या गळाला लागला तो 2 जुलै 2009 रोजी. उन्हाळा बॅसला उपाशी ठेवतो म्हणणाऱ्यांनी या दोन तारखांचा विचार करायला हवा. उलट, कोमट पाण्यात त्याची पचनक्रिया वेगाने चालते आणि भूकही वाढते. सगळे बॅस काठ सोडतात असंही नाही. वनस्पतींच्या सावलीला पूर्ण उन्हाळा काढणारेही असतात.

थर्मोक्लाइनबद्दल आणखी एक गैरसमज आहे, तो जरा जाणत्यांचा. पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर हा पट्टा धूसर रेघेसारखा उमटतो, आणि मासे नेमके त्या रेघेवरच असणार असं मानून लोक तिथेच आमिष नाचवत राहतात. ही रेघ खालची मर्यादा सांगते. तिच्याखाली प्राणवायू तुटपुंजा असण्याची शक्यता मोठी, एवढाच तिचा अर्थ. तिच्यावर किती उंचीवर मासा थांबेल, हे त्याचं भक्ष्य ठरवतं. स्वच्छ, कमी शेवाळाच्या तळ्यांत पट्ट्याखालीही प्राणवायू टिकतो, तर सतत वाहत्या नदीवरच्या उथळ जलाशयात पट्टा बनतच नाही. एका तळ्याचा हिशेब दुसऱ्या तळ्याला लावणं महागात पडतं.

भक्ष्य म्हणजे बहुतेक ठिकाणी शॅड. हे चंदेरी मासे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खातात, त्यामुळे त्यांना काठाची किंवा तळाची गरजच नसते. त्यांचे थवे मोकळ्या पाण्यात फिरतात आणि बॅस त्यांच्या मागे. जॉर्जियाच्या लेक लेनियरमध्ये शॅडची ही जागा ब्लूबॅक हेरिंगनेही घेतली आहे. हा अटलांटिक किनाऱ्यावरचा मासा माणसांमुळे गोड्या पाण्याच्या जलाशयात आला. चॅटाहूची नदीवरच्या ब्यूफोर्ड धरणाने तयार झालेला हा जलाशय अटलांटाच्या उत्तरेला आहे. अल्फारेटा, कमिंग या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो सहलींमुळे ओळखीचा आहे. हेरिंगच्या मागे इथले स्पॉटेड बॅस खोल पाण्यावर फिरतात आणि भर उन्हातही वर झेपावून पृष्ठभागावरचं आमिष घेतात. पहाट आणि तिन्हीसांजा याच काय त्या गरवण्याच्या वेळा, हा समज लेनियरवर रोज दुपारी खोटा ठरतो. नजरेने शिकार करणाऱ्या माशाला लख्ख उजेडात चमकणारं हेरिंग सहज दिसतं.

अधांतरी मासा आमिषाला तोंडच लावत नाही, या तक्रारीत मात्र तथ्य आहे. असा मासा पकडणं खरोखर अवघड असतं. केंटकी लेकचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. टेनेसी व्हॅली अथॉरिटीच्या या जलाशयात बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या कडा आहेत. धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटलं की प्रवाह वाढतो, शॅड त्या कडांवरून वाहत येतात आणि बॅस तळाला खेटून, प्रवाहाकडे तोंड करून शिकारीला उभे राहतात. पाणी बंद झालं की तेच मासे कडा सोडून मोकळ्या पाण्यात विखुरतात आणि सुस्तावतात. उन्हाळी दुपारी शहरांतली वातानुकूलन यंत्रं जोरात चालतात, विजेची मागणी वाढते आणि टर्बाइन फिरू लागतात. म्हणून तिथले मुरलेले गरवणारे आभाळाइतकंच धरणातून पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाकडेही लक्ष ठेवतात.

सुस्तावलेल्या माशाला भुलवताना सर्वांत मोठी चूक होते ती खोलीची. बॅस आमिष घ्यायला वर येतो, खाली मात्र क्वचितच वळतो. सहा मीटरवरच्या माशासाठी आठ मीटरवर फिरणारं आमिष जवळजवळ वाया गेलेलं असतं; पाच मीटरवरचं त्याला दिसतं. यासाठी महागडी साधनं लागतातच असं नाही. ओळखीच्या खोलीवर आमिष सोडून ते तळाला टेकेपर्यंत आकडे मोजायचे, म्हणजे त्याचा बुडण्याचा वेग कळतो. पुढे तेवढ्याच हिशेबाने दोरी थांबवायची आणि एकाच पातळीवर संथपणे ओढायची. जिगला (वजनदार गळाला) जोडलेला रबरी मासा असो, गळाखाली वजन बांधलेली ड्रॉप-शॉट मांडणी असो वा पाण्यात लहरत उतरणारं चमच्यासारखं आमिष, पातळी चुकली तर काहीच चालत नाही.

2018 मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप हे सोनार आलं आणि बोटीसमोरच्या पाण्यातला मासा व आमिष दोन्ही पडद्यावर हलताना दिसू लागले. आता अधांतरी मासा पकडणं पोरखेळ झालं, असं त्यावर बोललं जातं. दिसणं सोपं झालं, हे खरं. आमिषामागे येऊन ऐनवेळी पाठ फिरवणारे किती असतात, तेही त्याच पडद्याने दाखवून दिलं. तरी त्याचा प्रभाव एवढा आहे, की मेजर लीग फिशिंगने 2025 च्या बॅस प्रो टूर या स्पर्धामालिकेत दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात अशा सोनारची मुभा ठेवली. ती मर्यादा योग्यच होती.

शेवटचा समज माशाच्या जिवाशी खेळतो: पकडून सोडला की तो वाचला. बॅसच्या पोटातला वाताशय बंद असतो. त्यातला वायू रक्तावाटेच कमी होतो, आणि त्याला वेळ लागतो. दहा मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून झटकन वर ओढला की वायू दुपटीने फुगायला बघतो. मग मासा पोट वर करून तरंगतो, डोळे बाहेर येतात, आणि सोडला तरी त्याला खाली जाता येत नाही. त्यात पृष्ठभागाचं पाणी 30 अंशांचं आणि बोटीवरच्या टाकीत कोंडलेल्या अनेक माशांचा श्वास. प्रशिक्षित हात सुईने वायू मोकळा करतात. अननुभवी हाताने त्यात आतडी फाटू शकतात. माशाला वजन लावून पुन्हा खोलवर नेणारी साधनंही मिळतात. त्याहून बरं म्हणजे आठ-नऊ मीटरपेक्षा खोल मासे लागत असतील, तर खायला हवे तेवढे नियमांच्या मर्यादेत ठेवून घ्यावेत आणि बोट तिथून हलवावी.