ज्याला नावच ठेवलं नाही

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

आज एका राक्षसाची गोष्ट सांगते. तुमच्या घरातल्या मुलांनी तो टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिला असेल. उंच, धिप्पाड, हिरवट चेहरा, मानेला दोन्ही बाजूंनी खिळे. मुलं त्याला फ्रँकेनस्टाइन म्हणतात. पण फ्रँकेनस्टाइन हे त्याला बनवणाऱ्या माणसाचं आडनाव. ज्याला बनवलं, त्याला कोणी नावच ठेवलं नाही. त्याचं बारसं झालं नाही, त्याला मायेनं कुणी हाक मारली नाही.

ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका बाईनं लिहिली. बाई कसली, लिहायला बसली तेव्हा अठरा वर्षांची पोर होती ती. तिचं नाव मेरी शेली. विज्ञानाच्या जोरावर माणूस काय करू शकेल आणि मग काय घडेल, अशी कल्पना करून लिहिलेल्या गोष्टीला विज्ञानकथा म्हणतात. जगातली पहिली विज्ञानकथा हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. दुःखानं पोळून वाईट मार्गाला लागलेली पात्रं अशा गोष्टींत पुढे पुष्कळ आली. हा त्यांच्यातला थोरला. म्हणून आज त्याच्या दुःखाकडे नीट बघू या.

लिहिणारीचं आयुष्य

आधी लिहिणारीबद्दल सांगते, कारण तिचं आयुष्य कळलं की गोष्ट वेगळीच दिसू लागते.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा, लंडनचा. तिची आई मेरी वॉलस्टनक्राफ्ट मोठी लेखिका. मुलींना मुलांसारखंच शिक्षण मिळालं पाहिजे, हे तिनं १७९२ मध्ये पुस्तक लिहून ठणकावून सांगितलं होतं. पण बाळंतपणात तिची वार पूर्ण पडली नाही. डॉक्टरनं हात घालून ती तुकड्या-तुकड्यांनी काढली. हात निर्जंतुक करण्याची पद्धत तेव्हा नव्हती. तिला ताप चढला आणि लेक अकरा दिवसांची असताना आई गेली. आपल्या जन्मापायी आई गेली, हे ओझं घेऊनच मेरी वाढली.

सोळाव्या वर्षी ती कवी पर्सी शेलीबरोबर घर सोडून गेली. तो विवाहित होता. वडिलांनी तिच्याशी संबंध तोडले. फेब्रुवारी १८१५ मध्ये तिला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. ती दोन आठवडेही जगली नाही. तिचंही नाव ठेवायचं राहून गेलं. त्यानंतर मेरीनं आपल्या रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलं. बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीजवळ धरून अंग चोळल्यावर ते पुन्हा जिवंत झालं, असं ते स्वप्न. जिचं मूल गेलं आहे तिला हे स्वप्न समजावून सांगावं लागणार नाही.

पुढच्या वर्षी, १८१६ च्या उन्हाळ्यात, ती मंडळी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी राहिली होती. त्या वर्षी युरोपात उन्हाळा पडलाच नाही. आधीच्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या धुरळ्यानं सूर्य झाकोळला. पाऊस थांबेना, थंडी हटेना, पिकं बुडाली. घरात अडकून पडलेल्या मंडळींत कवी बायरन होता. प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची, असं त्यानं सुचवलं. त्यातून मेरीची ही गोष्ट जन्मली.

त्या काळी विजेचे प्रयोग नवे होते. १८०३ मध्ये लंडनला आल्दिनी नावाच्या शास्त्रज्ञानं फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतातून वीज सोडली, तेव्हा त्याचे हातपाय हलले होते. मेलेल्यात पुन्हा जीव घालता येईल का, अशी चर्चा शिकलेल्या घरांत चालायची. मेरी ती ऐकत होती. पण तिच्या मनात पुढचा प्रश्न होता. जीव घालता आला, तर त्या जिवाला सांभाळणार कोण?

पुस्तक १ जानेवारी १८१८ ला निघालं. प्रती ५००, आणि लेखकाचं नावच छापलेलं नाही. बऱ्याच जणांना वाटलं, हे तिच्या नवऱ्यानंच लिहिलं असणार. इंग्रजी पुस्तकावर तिचं नाव आलं ते १८२३ मध्ये.

गोष्ट

व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन हा जिनिव्हाचा, चांगल्या घरातला हुशार मुलगा. जर्मनीत शिकायला जातो. तिथे त्याला ध्यास लागतो, की आपण जीव निर्माण करायचा. जवळजवळ दोन वर्षं तो घरी जात नाही. प्रेतांचे आणि कत्तलखान्यातले अवयव गोळा करून आठ फुटी देह जुळवतो. जीव नेमका कसा घातला, हे पुस्तकात सांगितलेलं नाही. नोव्हेंबरमधल्या एका रात्री, पावसाची रिपरिप चालू असताना, तो देह डोळे उघडतो.

आणि त्याला बनवणारा पळून जातो.

का पळतो? तर तो दिसायला भयंकर आहे म्हणून. थोड्या वेळानं तो जीव व्हिक्टरच्या पलंगाशी येतो, काहीतरी पुटपुटतो, ओठ फाकतो, हात पुढे करतो. बायांनो, तान्हं मूलही हेच करतं. व्हिक्टर पुन्हा पळतो. त्या जिवानं अजून कुणाचं काही बिघडवलेलं नाही. त्याचा पहिला गुन्हा व्हायला पुष्कळ अवकाश आहे. त्याच्यावरचा पहिला अन्याय मात्र जन्माच्या रात्रीच झाला.

तो रानात जातो. थंडी म्हणजे काय, भूक म्हणजे काय, त्याला कळत नाही. भिकाऱ्यांनी पेटवून सोडलेला जाळ सापडतो, त्यात हात घालतो आणि भाजतो. गावात शिरतो तर लोक दगड मारतात. शेवटी एका गरीब घराला टेकून असलेल्या बुटक्या खोपटात लपतो. शेजारी डुकरांचा गोठा. भिंतीच्या फटीतून त्याला घर दिसतं. एक आंधळा म्हातारा, त्याचा मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा.

कित्येक महिने तो त्यांना बघत राहतो. आधी त्यांचं अन्न चोरायचा. पण ही माणसं स्वतः उपाशी राहून म्हाताऱ्याच्या ताटात वाढतात, हे दिसल्यावर चोरी सोडतो आणि रानातल्या कंदाफळांवर भागवतो. रात्री सरपण गोळा करून दारात टाकतो, वाटेवरचं बर्फ सारतो. घरच्यांना कळत नाही, हे करतं कोण. त्या घरी एक परदेशी मुलगी येते. तिला भाषा शिकवतात, तशी फटीतून हाही शिकतो. वाचायलाही शिकतो. काही सिनेमांतला राक्षस नुसता गुरगुरतो. पुस्तकातला मात्र आपलं दुःख इतकं नीट मांडतो, की ऐकणारा निरुत्तर व्हावा.

एक दिवस घरात म्हातारा एकटा असतो. हा धीर करून आत जातो. म्हाताऱ्याला डोळे नाहीत, त्यामुळे त्याला फक्त आवाज ऐकू येतो, आणि त्या आवाजातलं दुःख. तो मायेनं बोलतो. अख्ख्या पुस्तकात त्याच्याशी सुरुवातीपासून मायेनं बोलणारा माणूस हा एवढाच. तेवढ्यात बाकीचे येतात. अगाथा बेशुद्ध पडते, फेलिक्स काठीनं मारत सुटतो. त्याच्या अंगात फेलिक्सला चिरडण्याची ताकद आहे. तो हात उचलत नाही, निघून जातो. पुढे वाटेत नदीत बुडणारी मुलगी वाचवतो, तर तिच्यासोबतचा माणूस त्यालाच गोळी घालतो.

इथे त्याच्या मनात काहीतरी तुटतं. आता तो सूड घ्यायचा ठरवतो. जिनिव्हाजवळ त्याला व्हिक्टरचा लहान भाऊ विल्यम भेटतो. कोवळं पोर. आडनाव कळताच तो त्याचा गळा आवळतो.

जस्टिन

आता जरा थांबू या. सिनेमावाले जिला बहुधा गाळतात, तिची ही गोष्ट.

जस्टिन त्या घरातली कामवाली. सख्ख्या आईनं छळलं म्हणून या घरानं जवळ केलेली, विल्यमवर जीव लावणारी. मूल हरवलं तेव्हा ती रात्रभर शोधत फिरली आणि दमून एका गोठ्यात झोपली. त्या राक्षसानं विल्यमच्या गळ्यातलं लॉकेट तिच्या कपड्यांत सरकवलं. लॉकेट सापडलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली. कामवालीच ती, तिनंच लोभानं केलं असणार. गुन्हा कबूल कर, नाहीतर नरकात जाशील, असं पाद्री तिला बजावत राहिला. शेवटी तिनं न केलेला गुन्हा कबूल केला आणि फासावर गेली.

व्हिक्टरला मनोमन माहीत होतं, खून कुणी केला ते. तो बोलला नाही. लोक वेड्यात काढतील, हे कारण त्यानं स्वतःला दिलं. राक्षसानं खून केला हे खरं. पण जस्टिनला फाशी झाली ती शहाण्या-सुरत्या, देवाधर्माच्या माणसांच्या हातून. पुस्तकातलं सगळ्यात भयानक पान मला हेच वाटतं, आणि त्यात जादू काहीच नाही.

शेवट

आल्प्सच्या हिमनदीवर दोघं समोरासमोर येतात. राक्षस आपली सगळी हकिकत सांगतो आणि एकच मागणं मागतो. माझ्यासारखीच एक जोडीदारीण करून दे, आम्ही माणसांपासून दूर, दक्षिण अमेरिकेच्या रानात निघून जाऊ. व्हिक्टर कबूल होतो, काम सुरू करतो. मग त्याच्या मनात येतं, तिला हे मान्य नसलं तर? तिचं मन वेगळं असलं तर? विचार बरोबर होता. पण तो वचन देण्याआधी करायचा असतो. तो तिचा अर्धवट देह फाडून टाकतो. त्याच्या बदल्यात राक्षस व्हिक्टरचा मित्र मारतो, आणि लग्नाच्या रात्री त्याची बायको एलिझाबेथ. त्या धक्क्यानं वडील जातात. व्हिक्टर सुडासाठी उत्तर ध्रुवाच्या बर्फापर्यंत त्याचा पाठलाग करतो आणि एका जहाजावर मरतो.

त्याच्या प्रेताशी राक्षस येतो आणि रडतो. आपण काय केलं, हे त्याला पुरतं कळलेलं आहे. स्वतःची चिता रचून जळून जाईन, असं सांगून तो बर्फाच्या तुकड्यावरून अंधारात नाहीसा होतो.

आपण काय घ्यायचं

आपल्याला इथे कर्ण आठवतो. तोही जन्मताच टाकलेला, सगळीकडे अपमान सोसलेला, शेवटी चुकीच्या बाजूला उभा राहिलेला. पण कर्णाला राधा मिळाली. नदीतून वाहत आलेलं पोर तिनं छातीशी धरलं, त्याला नाव दिलं, घर दिलं. म्हणून कर्ण चुकला तरी माणूसच राहिला. याला राधा मिळाली नाही. जन्म देणारा पळाला, आणि पत्करणारं कुणी भेटलं नाही.

म्हणून त्याचे खून माफ करायचे का? मुळीच नाही. विल्यमनं त्याचं काय बिघडवलं होतं? एलिझाबेथनं काय केलं होतं? आणि जस्टिन तर त्याच्यासारखीच टाकलेली पोर, तिलाच त्यानं फासावर चढवलं. नवऱ्यानं दारू पिऊन मारलं आणि नंतर लहानपणीचं दुःख सांगितलं, तर दुःख खरं असू शकतं, पण म्हणून मार खोटा होत नाही. दुःखानं गुन्ह्याचं कारण कळतं, गुन्हा पुसला जात नाही. या दोन्ही गोष्टी एकदम मनात धरणं अवघड आहे. मेरी शेली ते करते. ती आपल्याला त्याच्यासाठी रडायला लावते आणि त्याचे हात रक्तानं माखलेले आहेत हेही विसरू देत नाही.

आणि ती आणखी एक दाखवते. हा शेवट ठरलेला नव्हता. बनवणारा त्या रात्री थांबला असता, फेलिक्सनं काठी उचलण्याआधी म्हाताऱ्याचं ऐकलं असतं, जस्टिनच्या खटल्यात व्हिक्टर खरं बोलला असता, तर पुढची प्रेतं पडली नसती. प्रत्येक वळणावर कुणाला तरी वेगळं वागता आलं असतं. आपल्याही गावात तोंडावरच्या डागावरून, अपंगत्वावरून, जन्माच्या कहाणीवरून बाजूला बसवलेलं एखादं पोर असतं. ते अजून फटीतून आपली घरं बघत असतं, सरपण आणून टाकत असतं. आपली वेळ तेव्हाची असते.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. विल्यमच्या मृत्यूला जबाबदार कोण? एकटा राक्षस, एकटा व्हिक्टर, की दोघं? कुणाचा वाटा किती?

२. जस्टिनला कोण वाचवू शकलं असतं? आपल्या गावात गरीब बाईवर आळ आला, तर तिच्या बाजूनं पहिलं कोण बोलतं?

३. आंधळ्या म्हाताऱ्याला जे ऐकू आलं, ते डोळसांना का ऐकू आलं नाही?

४. या जिवाचं नाव ठेवायचं झालं, तर तुम्ही काय ठेवाल?

चौथ्या प्रश्नावर जरूर वेळ घालवा. लेकरांनाही बोलवा, त्यांना छान नावं सुचतात. सुचलेली नावं रेडिओ केंद्राकडे पाठवा, पुढच्या वेळी वाचून दाखवीन.