रक्तविज्ञान : एक नवी वाट

रक्त सर्वांचे लाल. पण ते सर्वांना चालेलच असे नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांना ‘ओ’ गटाचेही रक्त न चालणारी माणसे आढळली. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. १९५७ साली मुंबईत निघालेल्या रक्तगट केंद्राची आज परळला राष्ट्रीय संस्था झाली आहे. एम.एस्सी. झालेल्यांना तेथे पीएच.डी.साठी संशोधन करता येते. डॉक्टरांसाठी एम.डी.नंतर तीन वर्षांचा डी.एम. आहे.

आपल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आहे. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका चारांत एक. लग्नाआधीच्या रक्ततपासणीने तो आधीच कळतो. पण तपासणारे, समजावून सांगणारे जाणकार हवेत. ते आपल्याच घरांतून निघाले पाहिजेत.