कॉम्पॅक्ट एसयूव्हीची खरी परीक्षा मागच्या आसनावर

नवी गाडी पाहायला सारे घर जाते, चालवून मात्र एकच जण पाहतो. विक्रेता त्याच्या शेजारी बसतो, गाडी रुंद रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे फिरून येते आणि तेवढ्यावर पुढच्या आठ-दहा वर्षांचा निर्णय होतो. ज्यांना त्या गाडीतून रोज शाळेत, दवाखान्यात किंवा बाजारात जायचे आहे, ती मंडळी तोवर शोरूममध्ये चहा घेत असतात. चार मीटरच्या आतील एसयूव्ही, म्हणजेच कॉम्पॅक्ट एसयूव्ही, हा प्रकार सध्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या विशेष पसंतीचा आहे. या गाड्यांच्या बाबतीत ही पद्धत अधिकच फसवी ठरते. त्यांच्या बहुतेक तडजोडी चालकाला जाणवत नाहीत. त्या मागे बसणाऱ्यांच्या वाट्याला येतात.

या तडजोडींचे मूळ करव्यवस्थेत आहे. २००६-०७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लांबी चार मीटरपेक्षा अधिक नको, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपेक्षा आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीपेक्षा मोठे नको, अशी छोट्या गाडीची व्याख्या ठरली. पुढे वस्तू व सेवा करातही ती कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाड्यांवर १८ टक्के, तर त्याबाहेरील पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के कर आहे. फोर्ड इकोस्पोर्ट (२०१३), मारुती विटारा ब्रेझा (२०१६) आणि टाटा नेक्सॉन (२०१७) या गाड्या याच चौकटीत घडल्या. या प्रकारातील गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास का असते, याचे उत्तर अभियांत्रिकीपेक्षा करपत्रकात अधिक सापडते.

याच वर्गातील एक नवी गाडी उदाहरणादाखल घेऊ. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणारी स्कोडा कायलाक नोव्हेंबर २०२४मध्ये सादर झाली आणि जानेवारी २०२५च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडू लागली. स्फटिक या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून हे नाव घेतल्याचे कंपनी सांगते. लांबी अर्थातच ३,९९५ मिलिमीटर, रुंदी १,७८३ मिलिमीटर, पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २,५६६ मिलिमीटर. इंजिन ९९९ सीसीचे, तीन सिलिंडरचे, टर्बो पेट्रोल. शक्ती ११५ पीएस. डिझेलचा पर्याय नाही. सादर झाली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ७.८९ लाख ते १४.४० लाख रुपये होती.

या आकड्यांचा मागच्या आसनाशी संबंध कसा, ते पाहू. समोरच्या भागात इंजिन आणि धडकेचा आघात शोषणारी रचना यांना ठरावीक जागा द्यावीच लागते. उरलेल्या लांबीत दोन आसनांच्या रांगा आणि डिकी बसवायची असते. डिकी मोठी केली तर गुडघ्यांपुढची जागा आक्रसते. गुडघ्यांना जागा दिली तर प्रवासाच्या बॅगा मांडीवर येतात. कायलाकची डिकी ४४६ लिटरची, म्हणजे या वर्गात चांगली मोठी आहे. मागच्या आसनावर दोन प्रौढ आरामात बसतात. तिसऱ्याचे मात्र अवघड होते. पावणेदोन मीटरच्या बाहेरील रुंदीतून दारांची जाडी वजा केली की तीन जोडी खांद्यांना पुरेशी जागा उरत नाही. त्यातच जमिनीच्या मधोमध असलेला उंचवटा मधल्या व्यक्तीला पाय नीट ठेवू देत नाही. हा दोष एकट्या कायलाकचा नाही. थोड्याफार फरकाने तो साऱ्या वर्गाचा आहे. ‘पाच आसनी’ हे नोंदणी पुस्तकातील वर्णन असते. लांबच्या प्रवासात या गाड्या चार मोठी माणसे आणि एक मूल यांच्यासाठीच आहेत, असे समजून चालणे बरे.

उंच बांध्याचा खरा लाभ घरातील ज्येष्ठांना होतो. हॅचबॅकमध्ये बसताना कंबर वाकवून खाली उतरावे लागते आणि उठताना गुडघ्यांवर सारा भार येतो. एसयूव्हीचे आसन कंबरेच्या उंचीच्या जवळ असल्याने सरकून बसता येते. मात्र दाराची चौकट किती रुंद उघडते आणि मागचे चाक पावलाच्या आड येते का, हे आजी-आजोबांनी स्वतः दोन-तीनदा चढ-उतार करूनच कळेल.

सुरक्षिततेच्या बाबतीत मागच्या आसनाकडे सर्वाधिक लक्ष हवे आणि नेमके तेथेच ते सर्वांत कमी दिले जाते. भारत एनकॅप ही गाड्यांच्या धडक-चाचणीची स्वदेशी योजना १ ऑक्टोबर २०२३पासून अमलात आली. तिच्यात कायलाकला पाच तारे मिळाले : प्रौढांच्या संरक्षणासाठी ३२पैकी ३०.८८, बालकांच्या संरक्षणासाठी ४९पैकी ४५ गुण. सहा एअरबॅग सर्व श्रेणींत आहेत, ही बाब निर्विवाद स्वागतार्ह. सुरक्षिततेसाठी महाग श्रेणी घ्यावी लागत नाही. तरीही हे गुण कशाचे आहेत, हे समजून घ्यायला हवे. ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या समोरासमोरच्या धडकेत प्रौढ आकाराचे पुतळे असतात ते पुढच्या दोन आसनांवर. मागे असतात दीड व तीन वर्षांच्या बालकांचे पुतळे, आणि तेही योग्य रीतीने बसवलेल्या बालआसनात बांधलेले. आईच्या मांडीवरील मूल किंवा पट्टा न लावता मागे बसलेले काका या चाचणीत कोठेही नाहीत. त्यांच्यासाठी त्या ताऱ्यांचा आधार घेता येणार नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा आणि त्यांच्या सहप्रवाशाचा मृत्यू झाला. गाडी महागडी व एअरबॅगयुक्त होती; मृत्युमुखी पडलेले दोघेही मागे बसले होते आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. मागील प्रवाशांनी पट्टा लावणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार त्यापूर्वीही बंधनकारकच होते. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाविना नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बीनुसार एक हजार रुपये दंड आहे. म्हणून गाडी पाहताना मागच्या तिन्ही जागांना तीन टोकी पट्टा आणि हेडरेस्ट आहे का, पट्ट्याचे कुलूप आसनाच्या फटीत रुतलेले तर नाही ना, हे हाताने तपासावे. बालआसन अडकवण्याचे आयसोफिक्स हुक सहसा कडेच्या दोन जागांवरच असतात. घरात बालआसन असेल तर ते शोरूममध्ये नेऊन बसवून पाहावे. विक्रेत्याला नवल वाटले तरी चालेल.

इंजिनाबद्दल थोडक्यात. छोट्या टर्बो इंजिनाचा जोर साधारण १,७५० आरपीएमनंतर जाणवतो. मोकळ्या महामार्गावर ते चपळ वाटते. शहरातील रांगेत मात्र मॅन्युअल गाडीत क्लच वारंवार दाबावा लागतो. कायलाकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीचा, रोजच्या कोंडीला मानवणारा आहे. जास्तीचे पैसे सनरूफवर घालवण्यापेक्षा त्यावर घालणे शहरी कुटुंबाला अधिक उपयोगी पडेल.

ज्याला बोलीत ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात, तो आकडाही सावधपणे वाचावा. कायलाकसाठी लिटरला सुमारे १९ किलोमीटर असा प्रमाणित आकडा दिला जातो. प्रमाणन चाचणी रस्त्यावर होत नाही. ती प्रयोगशाळेतील रोलरवर, वातानुकूलन बंद ठेवून, ठरलेल्या वेगक्रमाने होते. तिच्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला १९च्या हिशेबाने सुमारे ६३० लिटर पेट्रोल लागेल. शहरात प्रत्यक्षात १२च मिळाले तर एक हजार लिटर. लिटरला १०० रुपये धरले, तर वर्षाचा फरक ३७ हजार रुपयांच्या घरात जातो. अंदाजपत्रक दुसऱ्या आकड्यावर मांडावे.

जमिनीपासूनची उंची कायलाकमध्ये १८९ मिलिमीटर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १०० मिलिमीटर उंच असावा. सारे गतिरोधक तसे असते तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. पाच माणसे आणि सामान भरल्यावर गाडी खाली बसते, म्हणून आपल्या गल्लीतील सर्वांत बेढब गतिरोधकावरून भरलेली गाडी नेऊन पाहावी.

किमतीच्या हिशेबात दोन गोष्टी सहसा निसटतात. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. १ जून २०२२पासूनच्या दरांनुसार एक हजार सीसीपर्यंत तो ६,५२१ रुपये, तर त्यापुढे दीड हजार सीसीपर्यंत १०,६४० रुपये आहे. ९९९ सीसीचे इंजिन येथे थोडी बचत करून देते. दुसरी गोष्ट नोंदणीची. रस्ता कर राज्याराज्यांत वेगळा असून तो साधारणतः एकदाच पूर्ण भरला जातो. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवल्यास पुनर्नोंदणी करावी लागते. बदलीच्या नोकरीमुळे आज नागपूर, उद्या इंदूर किंवा हैदराबाद असे फिरणाऱ्या कुटुंबांना २०२१पासूनची बीएच मालिका सोयीची आहे. ती संरक्षण दलांतील व सरकारी कर्मचाऱ्यांना, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना मिळते आणि तिचा कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरता येतो. पात्रता आहे की नाही, हे नोंदणीपूर्वीच पाहिलेले बरे.

चालवून पाहण्याची वेळ सायंकाळी सहा-सातची, कोंडीची मागावी. पाचही जागा भराव्यात, वातानुकूलन चालू ठेवावे, डिकीत घरच्याच बॅगा ठेवाव्यात आणि एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करावी. परतीच्या फेरीत चालवणाऱ्याने मागे, मधल्या जागेवर बसावे.