ऐकू आले, पण समजले का?

अंबरनाथची एमआयडीसी, बदलापूरचे रासायनिक कारखाने, उल्हासनगरचे जीन्स शिवणारे गाळे. आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल या कामांवर पेटते. तिथे नव्या कामगाराला एक शेरा हमखास मिळतो : ‘सांगितलेलं ऐकत नाही.’ कधी त्या एका शेऱ्यावरून कामही जाते. पण प्रत्येक वेळी हा निष्काळजीपणा नसतो. आम्हाला यामागे तीन कारणे दिसतात : भाषा, सवय आणि कान.

आधी भाषा. घरी मराठी, कामावर हिंदी. सुपरवायझर म्हणतो, ‘ड्रम खाली करो.’ त्याला ड्रम रिकामा करून हवा असतो. मराठी कानाला वाटते, खाली उतरवायचा आहे. ड्रममध्ये रसायन असेल तर हा फरक जिवावर बेतू शकतो. हिंदीत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्याही. ‘सात’ आणि ‘साठ’ तर दोन्ही भाषांत फसवतात. हिंदीतील ‘उन्यासी’ म्हणजे ७९ आणि ‘नवासी’ म्हणजे ८९, हेही गडबडीत निसटते.

यावर रुग्णालयातील एक पद्धत उपयोगी पडेल. डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितले, तर परिचारिका रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा लिहून घेते, डॉक्टरांना परत वाचून दाखवते आणि ‘बरोबर’ असे उत्तर आल्यावरच औषध देते. कारखान्यातही हेच करावे. काय, किती, कुठे आणि कधी, या चार गोष्टी आपल्या शब्दांत परत सांगाव्यात. आकडा सुटा करून विचारावा : ‘साठ, म्हणजे छह और शून्य?’ शक्य असेल तर मशीनपासून बाजूला येऊन, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ऐकावे. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी हात कामाला लावू नयेत.

सवय मोडायची ती मान डोलावण्याची. परत विचारले तर अडाणी समजतील, ही भीती आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. पण आपण गप्प राहिलो, तर चूक आपल्याच माथी येते. परत विचारणे हा कमीपणा नव्हे, ते कामाचे शहाणपण आहे.

तिसरे कारण कान. हाताच्या अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तिथला आवाज कानाला घातक आहे असे समजावे. साधारण ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास, वर्षानुवर्षे कानावर पडला, की कानाच्या आतील नाजूक केसासारख्या पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला बारीक, उंच सुराचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी अक्षरे नीट पकडता येत नाहीत. म्हणून बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. पाळीनंतर कानात गुणगुण होणे, घरी टीव्हीचा आवाज वाढवावा लागणे, ही आधीची लक्षणे आहेत.

कापसाचा बोळा हे आवाज पुरेसे अडवत नाही. कारखान्याकडून योग्य इअरप्लग किंवा कान झाकणारे मफ मागून घ्यावेत. कानात गरम तेल, काडी, पिन घालू नये. पू येत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. मळ साचला असेल तर तोही डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. कित्येकदा तेवढ्यानेच ऐकू येऊ लागते.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा नोंद होता. म्हणजे तो कामामुळे होणारा आजार म्हणून कायद्याने मान्य केलेला आहे. ईएसआयचा विमा असेल, तर कार्ड घेऊन दवाखान्यात जावे आणि ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवण चाचणी, मागावी. कंत्राटी कामगारालाही ईएसआय लागू होतो. पगारातून कपात होत असेल, तर आपला विमा क्रमांक मागून घ्यावा. कार्ड नसेल तर सरकारी रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात दाखवावे. आपण कोणत्या मशीनवर, किती वर्षे काम केले, हे डॉक्टरांना सांगावे आणि चाचणीचा कागद जपून ठेवावा.

घरातील कमावता माणूस हाक मारूनही ओ देत नसेल, तर त्याच्यावर चिडण्याआधी त्याचा कान तपासून घ्या.