चॉकलेटवाल्यांची तक्रार

कोडॅकच्या रंगीत फिल्मवर तपकिरी रंगाच्या बारीक छटा नीट उमटू लागल्या, त्या कुणामुळे? चॉकलेट विकणाऱ्यांमुळे आणि फर्निचर विकणाऱ्यांमुळे. थट्टा नाही. मॉन्ट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठातल्या लोर्ना रॉथ यांनी कोडॅकमधल्या जुन्या जाणत्यांशी बोलून हा इतिहास खणून काढला आणि २००९ साली शोधनिबंधात मांडला. जाहिरातीत मिल्क चॉकलेट आणि डार्क चॉकलेट एकसारखंच दिसतं, गडद लाकूड आणि फिकं लाकूड वेगळं ओळखू येत नाही, अशी कुरकुर मोठ्या गिऱ्हाइकांनी सुरू केली आणि मग कंपनीचे रसायनतज्ज्ञ कामाला लागले.

गंमत अशी की हीच तक्रार अमेरिकेतले काळे पालक आधीपासून करत होते. शाळेच्या ग्रुप फोटोत गोरी मुलं नाकीडोळी स्वच्छ दिसत आणि शेजारच्या काळ्या मुलाच्या चेहऱ्याच्या जागी गडद डाग, त्यात चमकणारे डोळे आणि दात. ते दात आणि डोळे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. सूर्यप्रकाशातली भिंत आणि झाडाखालची सावली आपला डोळा एकाच वेळी निभावून नेतो. फिल्मला तेवढा आवाका नसतो. उजेडाच्या एका ठरावीक पट्ट्यातलंच ती टिपते. त्यापलीकडचं सगळं पांढरं, अलीकडचं सगळं काळं. कॅमेऱ्यातला मीटर तर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असणार, असं धरूनच चालतो. पांढऱ्याशुभ्र शर्टातला सावळा माणूस समोर आला की मीटर शर्टाला घाबरतो, उजेड कमी करतो आणि चेहरा अंधारात जातो. एवढा दोष निसर्गाचा म्हणून सोडून देता येईल. पण उपलब्ध पट्टा कोणत्या रंगांच्या सेवेला लावायचा, हे माणसं ठरवत होती.

ते ठरे एका कार्डावर. १९५० च्या दशकापासून कोडॅक फोटो लॅबना एक नमुना-कार्ड पाठवत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो. पहिली मॉडेल शर्ली नावाची, कोडॅकमध्येच कामाला. पुढे मॉडेल बदलल्या तरी कार्डाला ‘शर्ली’च म्हणत राहिले. लॅबमधला माणूस छपाईयंत्राचे रंग शर्लीच्या गालांशी जुळले की समाधानाने पुढच्या कामाला लागे. कार्डावर काळ्या आणि आशियाई स्त्रिया यायला १९९० चं दशक उजाडलं. म्हणजे त्याआधीच्या कितीतरी लग्नांचे, बारशांचे फोटो, जगात कुठेही धुतलेले असोत, एका अनोळखी मुलीच्या गालांना प्रमाण मानून छापलेले असू शकतात. हे कळल्यापासून मी जुने अल्बम थोड्या संशयानेच उघडतो.

कोडॅकला ऐकू येत नव्हतं असं नाही. घाऊक गिऱ्हाइकाचा आवाज मोठा ऐकू येतो, एवढंच. आईच्या तक्रारीमागे एका ग्रुप फोटोची किंमत, चॉकलेट कंपनीच्या तक्रारीमागे अख्खं जाहिरातीचं बजेट.

आता चीनमध्ये शेंझेनला जाऊ. ट्रान्शन नावाची एक कंपनी २००६ साली निघाली. टेक्नो, आयटेल, इन्फिनिक्स हे ब्रँड तिचे. चीनच्या बाजारात आधीच इतकी गर्दी होती की या कंपनीने आपलं दुकान थेट आफ्रिकेत मांडलं आणि आज त्या खंडात सर्वांत जास्त फोन तिचेच विकले जातात. घरच्या बाजारात मात्र तिला फारसं कुणी ओळखत नाही.

आफ्रिकेत तिच्या माणसांनी काय पाहिलं? एक म्हणजे लोकांच्या खिशात दोन-दोन, तीन-तीन सिमकार्डं. एका कंपनीच्या नंबरावरून दुसऱ्या कंपनीच्या नंबरावर बोलणं महाग, म्हणून मागचं झाकण उघड, बॅटरी काढ, सिम बदल, असा खटाटोप चालायचा. ट्रान्शनने दोन सिमचे फोन दिले, पुढे चार सिमचेही. इथिओपियात २०११ मध्ये जुळणीचा कारखाना काढला, फोनमध्ये अम्हारिक भाषा आणली.

आणि मग कॅमेरा. अंधुक उजेडात सावळ्या त्वचेचा चेहरा फोनला ‘चेहरा’ म्हणून सापडायचाच नाही. ट्रान्शनच्या अभियंत्यांनी आफ्रिकी ग्राहकांच्या असंख्य फोटोंचा अभ्यास केला आणि युक्ती काढली: आधी डोळे आणि दात शोधायचे, त्यावरून चेहऱ्याची जागा ठरवायची आणि उजेड त्या जागेपुरता वाढवायचा. शाळेच्या फोटोत जे दोन ठिपके अपमानासारखे उरायचे, तेच इथे चेहऱ्याचा पत्ता झाले! तंत्रज्ञानाच्या इतिहासात इतकी देखणी उलटापालट मला दुसरी आठवत नाही. गूगलने ‘रिअल टोन’ नावाने गडद त्वचेसाठी कॅमेरा सुधारला तो २०२१ मध्ये, पिक्सेल ६ बरोबर. अमेरिकेतल्याच ग्राहकांची जुनी तक्रार, पण तोवर शेंझेनची कंपनी तिचा धंदा करून मोकळी झाली होती.

ट्रान्शनचा आयटेल २०१६ मध्ये भारतात आला. इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. ‘जरा उजळ काढा हं’ हे फोटो स्टुडिओत पिढ्यानपिढ्या म्हटलं गेलेलं वाक्य. विठोबाचं सावळेपण डोळे भरून पाहणारा आपला समाज लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या कोपरापर्यंत एक रंग आणि चेहऱ्याला दुसरा रंग खपवून घेतो. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आणलं तेव्हा भारतीय ग्राहकाचं ऐकलंच होतं, फार बारकाईने. ते नाव बदलायला २०२० साल आणि जगभरचा वर्णद्वेषविरोधी गदारोळ लागला. आता डबीवर ग्लो अँड लव्हली लिहिलेलं असतं. फोनमधला ब्युटी मोड मात्र त्वचेचा रंग एक-दोन छटा सहज चढवतो आणि तो बंद कसा करायचा, हे दुकानात विचारणारं गिऱ्हाईक अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.